ऊन लागतं तेव्हा शरीरात नेमकं काय बिघडतं?

१६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला आणि उष्माघातानं १४ जण दगावले. त्या दिवशी त्या भागातलं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या घरात होतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथल्या माणसाला हा आकडा ऐकून प्रश्न पडणारच, की ३८ अंशांत माणसं जातात कशी?

हवेच्या आकड्यात या प्रश्नाचं अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं शरीरात आहे. आतलं तापमान ३७ च्या आसपास धरून ठेवणारी एक यंत्रणा आपल्यात रात्रंदिवस चालू असते. ऊन लागणं म्हणजे ती यंत्रणा थकणं, आणि उष्माघात म्हणजे ती उलटी फिरणं. यातला फरक कळला तर उन्हाळ्यात काय करायचं आणि काय करून उपयोग नाही, हे पाठ करावं लागत नाही.

शरीर ही सतत पेटलेली चूल

६० किलो वजनाचा माणूस नुसता बसून असला तरी त्याचं शरीर तासाला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता तयार करतं. हृदय, यकृत, मेंदू यांना सुट्टी नसते, आणि खाल्लेल्या अन्नातली बहुतेक ऊर्जा शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. आता हिशेब करू. एवढ्या शरीराचं तापमान १ अंशानं वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे उष्णता बाहेर जायचे सगळे रस्ते बंद केले, तर गप्प बसलेल्या माणसाचंही तापमान तासाभरात जवळजवळ दीड अंशानं चढेल.

कुदळ चालवणारा किंवा डोक्यावरून विटा वाहणारा माणूस तासाला ३०० ते ४०० किलोकॅलरी उष्णता तयार करतो. त्याच हिशेबानं त्याचं तापमान तासाला ६ ते ८ अंशांनी वाढायला हवं, आणि ४३ अंशांवर माणूस वाचणं फार अवघड. तरी हजारो लोक रोज आठ-आठ तास हे काम करतात, कारण तयार झालेली उष्णता जवळजवळ त्याच वेगानं बाहेर टाकली जाते.

आवरणारा फेरा

गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी वर आलं की तरंगता गोळा वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की गोळा खाली येतो आणि नळ सुरू होतो. पाण्याच्या पातळीतला बदल स्वतःच त्या बदलाला आवर घालतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. इथं ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट नव्हे, उलट दिशेला ओढणारा. आपण त्याला आवरणारा फेरा म्हणू. अशा अनेक फेऱ्यांनी शरीराचा आतला समतोल टिकतो. त्या समतोलाला वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. मराठीत समस्थिती म्हणतात.

अशा प्रत्येक फेऱ्याला तीन गोष्टी लागतात: मोजणारा, ठरवणारा आणि काम करणारा. तापमानाच्या फेऱ्यात मोजणाऱ्या चेतातंतूंची टोकं त्वचेत आणि शरीराच्या आतल्या भागात असतात. ठरवणारा आहे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा छोटासा भाग. त्याच्याकडे येणारं रक्त किती गरम आहे हे तो स्वतःही जोखतो. काम करणारे मुख्यतः दोघं: त्वचेतल्या रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथी.

रक्त गरम झालं की हायपोथॅलॅमस त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो. एरवी त्वचेतून मिनिटाला अर्धा लिटर रक्तही फिरत नाही. कडक उष्म्यात ते ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. आतली उष्णता रक्तातून त्वचेपर्यंत येते आणि तिथून हवेत जाते. मात्र हे जमतं ते हवा त्वचेपेक्षा थंड असेल तरच. त्वचेचं तापमान असतं ३५ अंशांच्या जवळपास. हवा त्याच्या वर गेली की उष्णतेचा प्रवाह उलटतो आणि बाहेरची उष्णता आत शिरू लागते. तिथून पुढे सगळी मदार घामावर.

माठ कोकणात का गार होत नाही

घाम येण्यानं शरीर थंड होत नाही, घाम वाळण्यानं होतं. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. विटा वाहणाऱ्या माणसाची उष्णता काढायला तासाला साधारण पाचशे ते सातशे मिलिलिटर घाम वाळायला हवा, आणि डोक्यावरच्या उन्हाची भर त्यात धरलेलीच नाही. सरावलेला माणूस तासाला लिटर-दीड लिटर घाम गाळू शकतो. पण जो घाम थेंब होऊन जमिनीवर पडला किंवा रुमालानं टिपला, त्यानं थंडावा दिलाच नाही. पाणी आणि मीठ मात्र गेलं.

नागपुरात माठातलं पाणी दात शिवशिवण्याइतकं गार होतं आणि दापोलीत तोच माठ जेमतेम गार होतो, त्यामागचं कारण हेच. कोरडी हवा पाणी ओढून घेते, दमट हवा घेत नाही. थर्मामीटरच्या फुग्याभोवती ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर तो जिथपर्यंत उतरतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घामानं भिजलेली त्वचा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते हा आकडा सांगतो. विदर्भात ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर तो येतो २४ च्या आसपास. किनाऱ्याजवळ ३८ अंश आणि ४५ टक्के आर्द्रता असेल तर येतो साधारण २८. हवेचा पारा ७ अंशांनी कमी, पण शरीराच्या माठासाठी किनाऱ्यावरची हवा जास्त वाईट. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंशांचा आणि किनारपट्टीवर ३७ अंशांचा निकष धरतं, तोही सरासरीपेक्षा वाढ साडेचार अंश किंवा अधिक असेल तर.

म्हणून पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी नुसता पारा बघून निर्धास्त होऊ नये. कपडे घामानं चिकटून राहत असतील आणि वाळत नसतील, तर तापमान कितीही असो, शरीर थंड होत नाहीये एवढं खरं.

एकाच रक्तावर दोन फेऱ्यांचा हक्क

उन्हाच्या आजारातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी सांगितलं जाणारं प्रकरण इथं आहे. तापमानाचा फेरा एकटा नसतो. रक्तातलं पाणी आणि मीठ सांभाळणारा दुसरा फेरा त्याच वेळी चालू असतो, आणि दोघं एकाच साठ्यातून उचल करतात.

घामात मिठापेक्षा पाणी जास्त जातं, त्यामुळे उरलेलं रक्त थोडं दाट, थोडं खारट होतं. हा खारटपणा एक-दोन टक्के वाढला तरी हायपोथॅलॅमसला कळतं. तो दोन गोष्टी करतो: तहान लावतो, आणि एडीएच नावाचं हार्मोन रक्तात सोडायला लावतो. आपले मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात ओढून घेतात. लघवीवाटे जातो तो एरवी दीड लिटर. एडीएच आल्यावर ते आणखी पाणी परत ओढतात. लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरोन हे दुसरं हार्मोन येतं, ते मीठ रोखून धरतं.

आता दोन फेऱ्यांची ओढाताण पाहा. तापमानाचा फेरा म्हणतो, रक्त त्वचेकडे पाठव आणि घाम काढ. पाण्याचा आणि रक्तदाबाचा फेरा म्हणतो, पाणी राख, रक्त आत ठेव, मेंदूकडे पुरेसा दाब राहू दे. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं, आणि एकट्या त्वचेलाच ६-७ लिटर हवं असतं. म्हणून नाडी जलद होते आणि आतडी, यकृत, मूत्रपिंड यांच्याकडचं रक्त कमी केलं जातं. ६० किलोच्या माणसानं सव्वा लिटर पाणी गमावलं, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, तरी कामाचा दम कमी होतो. त्यापुढे गरगरणं, डोकं दुखणं, पायात गोळे, मळमळ सुरू होते. लोक ‘ऊन लागलं’ म्हणतात ते बहुतेकदा हेच. दोन्ही फेरे इथं अजून शाबूत आहेत, फक्त सामान संपत आलं आहे. सावली, आडवं पडणं आणि मीठ-साखरेचं पाणी मिळालं तर अर्ध्या-एक तासात माणूस सावरतो.

फेरा उलटा फिरतो तेव्हा

मांडवात माईक लाऊडस्पीकरसमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा माईकमध्ये जातो. बदल स्वतःलाच वाढवत नेतो. हा पॉझिटिव्ह फीडबॅक, आपल्या भाषेत भडकवणारा फेरा. शरीर काही ठिकाणी तो मुद्दाम वापरतं: जखमेवर रक्त गोठताना, बाळंतपणाच्या कळा वाढत जाताना. तिथं त्याला ठरलेला शेवट असतो, जखम बंद होते, बाळ बाहेर येतं. उष्माघातात असा शेवट नसतो.

ते असं होतं. पाणी फार कमी झालं की रक्तदाब पडू लागतो. जीव वाचवण्यासाठी शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि घामही घटतो. त्यामुळे उष्णता आत कोंडते. तापमान जसजसं वाढतं तशा पेशींमधल्या रासायनिक क्रिया जलद होतात, दर अंशामागे साधारण दहा टक्क्यांनी, म्हणजे चूल आणखी पेटते. दरम्यान बराच वेळ रक्त न मिळालेल्या आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि एरवी आतच राहणारी जिवाणूंची विषद्रव्यं रक्तात उतरतात. त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, दाब आणखी पडतो. मेंदू तापला की ठरवणाराच गडबडतो. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या वर आणि सोबत बरळणं, ओळख न पटणं, झटके किंवा बेशुद्धी, याला उष्माघात म्हणतात. इथून माणूस विश्रांतीनं आपोआप सावरत नाही. बाहेरून कुणीतरी फेरा तोडावा लागतो.

ताप म्हणजेच उष्माघात ना? मग तापाची गोळी का नको?

दोन्हींत अंग तापतं, पण आत घडतं ते अगदी उलट. तापात जंतूंशी लढताना तयार झालेली द्रव्यं हायपोथॅलॅमसचं लक्ष्यच ३७ वरून ३९ वर नेतात, जणू एसीच्या रिमोटवरचा आकडा कुणी बदलला. शरीर ते नवं लक्ष्य गाठायला धडपडतं, म्हणून थंडी वाजते, पांघरूण हवंसं वाटतं. पॅरासिटामॉल तो आकडा पुन्हा खाली आणतं.

उष्माघातात आकडा ३७ वरच असतो. यंत्रच हरलेलं असतं. त्यामुळे गोळीला काम करायला जागाच नाही. शिवाय यकृत आधीच होरपळलेलं असतं आणि पॅरासिटामॉलचा भार त्यावरच पडतो. गोळी देऊन वाट पाहण्यात अर्धा तास गेला, तर तोच अर्धा तास सगळ्यात मोलाचा होता.

घाम येतोय म्हणजे धोका नाही?

‘अंग कोरडं पडलं तरच उष्माघात’ हे फार पसरलेलं अर्धसत्य आहे. घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसात कातडी कोरडी मिळते खरी. पण शेतात, बांधकामावर, पोलीस भरतीच्या धावण्यात कोसळलेला तरुण घामानं चिंब असू शकतो, आणि आत ४१ अंश असू शकतात. पाहायचं ते वागणं. नाव, गाव, वार विचारा. उत्तर विचित्र आलं की घामाकडे पाहत बसू नका. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका. भिजलेल्या काखेत तो आतल्या तापमानापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो.

भरपूर पाणी प्यायलं की झालं?

पाणी लागतंच, पण नुसत्या पाण्यानं हिशेब पुरा होत नाही. घामात मीठही जातं. तासन्‌तास घाम गाळून फक्त साधं पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. डोकेदुखी, उलट्या, गोंधळ आणि टोकाला झटकेही येतात. ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात, म्हणून फसगत होते.

मीठ आणि साखर एकत्र का द्यायची? आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम दोघं सोबत आले तरच ते उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. याच तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराईड आणि सायट्रेट. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा. अर्धी पुडी अंदाजानं पेल्यात टाकू नका, फार खारट मिश्रण उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रोजच्या कामासाठी मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत चांगलं. पन्ह्यात साखर किंवा गूळ बेताचा ठेवावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्या-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

तहान लागली की पिऊ, हेही पुरत नाही. तहानेचा फेरा घाईनं शांत होतो: पाणी घशाखाली उतरताच मेंदू तहान मिटवतो, रक्तात पाणी पोचायच्या आधीच. वयाबरोबर तर तहान मंदावते. घरातल्या आजी-आजोबांना ‘तहान लागली का’ विचारू नका, तासा-दोन तासांनी पेला हातात द्या. लघवीचा रंग हा घरातला चांगला मापक आहे. फिकट लिंबू-पाण्यासारखा ठीक, मोहरीच्या तेलासारखा झाला तर पाणी कमी पडतंय.

आम्ही जन्मभर उन्हात राबतो, आम्हाला काय होणार?

या म्हणण्यात तथ्य आहे. रोज तास-दोन तास उष्म्यात काम केलं की ७ ते १४ दिवसांत शरीर सरावतं: घाम लवकर आणि जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. पण हा सराव काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला, लांब सुट्टीनंतर किंवा थंड प्रदेशातून येऊन लगेच पूर्ण पाळी करणारा मजूर जास्त धोक्यात असतो. मुकादमानं नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाएवढंच उन्हातलं काम द्यावं आणि ते रोज थोडं वाढवावं. आणि सराव कितीही असो, घाम वाळायला हवा कोरडी लागते. दमट दिवशी सरावलेल्याचाही घाम वाया जातो.

काही औषधंही या फेऱ्यात हात घालतात: लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाची गती कमी करणारी औषधं, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं. ती स्वतःहून बंद करू नयेत, उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलावं. दारू एडीएच दाबते, त्यामुळे उन्हातून आल्यावर प्यायलेली बीअर पाण्याची भरपाई करत नाही.

खिशात कांदा ठेवण्याची जुनी समजूत आहे. कांदा खाल्ला तर थोडं पाणी मिळेल. खिशातल्या कांद्याला मात्र यातल्या कुठल्याही फेऱ्यापर्यंत पोचायची वाट नाही. डोक्याला बांधलेलं ओलं उपरणं खरोखर काम करतं, कारण ते वाळतं.

पंखा आणि कूलर

हवा ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर फिरणारा पंखा भट्टीतली हवा अंगावर मारतो. अंग किंवा कपडे ओले करून पंख्याखाली बसा, मग तोच पंखा उपयोगी पडतो. वाळ्याचा कूलर विदर्भ-मराठवाड्यात उत्तम, पण समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत तो तासाभरात हवा दमट करून घाम वाळणं थांबवतो.

कुणी कोसळलं तर

आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याच वेळी माणसाला सावलीत नेऊन जास्तीचे कपडे काढायचे. तरुण, अंगमेहनत करताना कोसळलेला असेल तर गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवणं सगळ्यात जलद. टाकी, पिंप, ताडपत्रीचा खड्डा काहीही चालेल, फक्त कुणीतरी डोकं पाण्यावर धरून ठेवायला हवं. थंड पाण्यानं कातडी आवळते म्हणून ते वापरू नये, असं ऐकायला मिळतं. कातडी थोडी आवळते हे खरं, पण पाणी उष्णता इतक्या झपाट्यानं ओढतं की फायदाच होतो. वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसाला अंगभर पाणी शिंपडून जोराचा वारा द्या. मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. नुसत्या कपाळावरच्या पट्टीनं काही होत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं, कुशीवर वळवा.

अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ च्या खाली आणायचं हे लक्ष्य. माणूस नीट बोलू लागला आणि कुडकुडू लागला की थांबा, कारण कुडकुडणं म्हणजे स्नायूंनी पुन्हा उष्णता तयार करणं. त्यानंतरही रुग्णालयात न्यायचंच. यकृत आणि मूत्रपिंडांना झालेली इजा रक्ततपासणीत एक-दोन दिवसांनी दिसू लागते, तोवर माणूस ‘आता बरा आहे’ म्हणून घरी परतलेला असतो. आणि पुढचे काही आठवडे त्याचा तापमानाचा फेरा कच्चा असतो. त्या काळात त्याला भर दुपारच्या कामावर पाठवू नका.